वाकड्या वेण्यांचा दिवस

दुर्वा लायकर हातातला अर्धा पेरू दप्तरात कोंबत, मैत्रिणीच्या कुठल्याशा गोष्टीवर खिदळत शाळेच्या दारातून आत आली आणि दारावरचा दिवा लालभडक झाला.

मगदूम बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग दुर्वाकडे. पोरगी अजून हसतच होती. तेलाने चपचपीत दोन वेण्या लाल रिबिनीत चापूनचोपून बांधलेल्या, भांग पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ. बाईंच्या हातातल्या टॅबवर आकडा उमटला : आठ पूर्णांक सात. दहापैकी.

"काय गं दुर्वा, सगळं ठीक ना?"

"हो की बाई."

हे म्हणताना तिने नजर चुकवली, असं बाईंना वाटलं. खरं तर ती पेरूची बी जिभेने दातातून काढत होती. पण एकदा संशय घ्यायचा म्हटलं की पेरूची बीसुद्धा पुरावा होते.

शाळेच्या दाराला ही चौकट बसून पाचवा महिना चालू होता. योजनेचं नाव 'मायेची चौकट'. शाळा, मूल आणि घर यांच्यात जिव्हाळ्याचं नातं निर्माण करणे हा तिचा उद्देश, असं परिपत्रकात ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. यंत्रमागांच्या त्या गावात, शिकलगार माळावरच्या विद्यामंदिरात, जिव्हाळा आता दारावर बसवून मिळाला होता.

तिचं शास्त्र तसं सोपं होतं. माणूस घाबरला की त्याच्या घामात आणि श्वासात काही उडून जाणारे रेणू वाढतात. आपल्या नाकाला त्यांचा पत्ता लागत नाही, कुत्र्याच्या नाकाला लागतो. शास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या नाकातली वास टिपणारी प्रथिनं प्रयोगशाळेत वाढवली आणि एका पातळ पडद्यावर बसवली. एकेक प्रथिन एकेका जातीच्या रेणूला पकडतं, पकडलं की पडद्यातून वाहणारी वीज किंचित बदलते, आणि अशा शेकडो बदलांचा नमुना संगणक भीतीच्या नमुन्याशी ताडून पाहतो. मूल दारातून जाताना चौकट त्याच्या अंगाभोवतीची हवा हळूच ओढून घेते. गळ्यातल्या ओळखपत्रावरून नाव कळतं, मुलांचं तसं शिक्षकांचंही. दुसरं पाऊल आत पडेपर्यंत निकाल लागलेला असतो : हिरवा, पिवळा किंवा लाल.

लाल आला की ओळखपत्राला जोडलेल्या घरच्या नंबरवर आपोआप संदेश जायचा. एका सत्रात बारा लाल झाले की प्रकरण तालुक्याच्या बालरक्षा कक्षाकडे, आणि चौकशी संपेपर्यंत मूल महिनाभर आधारगृहात. मात्र त्या कागदावर वर्गशिक्षिकेची सही लागायची. हा नियम पालकसभेत आयांना वाचून दाखवला होता. दुर्वाचे आज नऊ लाल झाले होते.

आता कुणी म्हणेल, पोरगी हसतेय, खेळतेय, मग बाईंनी दिव्यावर का विश्वास ठेवावा? तर त्याला कारण होतं मानसी पोवार. तीन वर्षांपूर्वी मानसी याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसायची. तीही हसायची, आणि भर एप्रिलमध्ये पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायची. त्या बाह्यांखाली काय होतं ते बाईंना दुसऱ्यांकडून कळलं, तिची मावशी तिला घेऊन गेल्यावर. तेव्हापासून हसणारं मूल पाहिलं की तेजस्विनी मगदूम यांना धीर वाटायचा नाही, उलट त्या आधी त्याच्या बाह्यांकडे बघायच्या. चौकट बसवायला शाळेतल्या निम्म्या शिक्षकांनी नाकं मुरडली होती. बाईंनी मात्र पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. आणि चौकटीने पहिल्याच महिन्यात दोन मुलांचं लपलेलं दुखणं खरोखर उघड केलं होतं, तेही कुणाला नाकारता आलं नसतं.

मधल्या सुट्टीत बाईंनी दुर्वाला कट्ट्यावर जवळ बसवून घेतलं.

"घरी कोण रागावतं का गं तुला?"

"सगळी रागावत्यात की."

"पप्पा ओरडतात?"

"लई ओरडत्यात."

"का बरं?"

"हळू बोलायलाच येत न्हाई त्यांना. मागाच्या आवाजात कान गेल्यात त्यांचं."

"आणि आई?"

"मम्मी आधी लई बडबडायची. आता गप्पच असती."

बाईंनी टॅबवर लिहून घेतलं : वडील ओरडतात. आई गप्प असते. कान गेल्याचं लिहायचं राहून गेलं.

*

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई लायकरांच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर, भिंतीपलीकडे मागांचा कारखाना. नव्या मागांना सूत घेऊन ये-जा करणारा धोटा नसतो, पण कलकलाट जुन्यांच्या वरताण. दुर्वाचे वडील दिगंबर तिथेच जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ठीक करणारे. आई सुवर्णा दुपारच्या पाळीला तयार कापडातले दोष शोधायची. आज तिची सुट्टी होती.

"या की बाई, या!" दिगंबर असा ओरडला की बाई उंबऱ्यावरच दचकल्या. "सुवर्णा, च्या टाक! बाई आल्यात!"

त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. बाईंनी ते पाहून ठेवलं. सुवर्णा चहा घेऊन आली तेव्हा कप बशीत खुळखुळत होता आणि निम्मा चहा बशीत सांडला होता. तिची नजर बाईंच्या चेहऱ्यावर नव्हती, टॅबवर होती. ती सारखी ओढणीला हात पुसत होती.

"घरात काही अडचण नाही ना?" बाईंनी विचारलं.

"अडचण कसली?" दिगंबर म्हणाला. "अभ्यास करत न्हाई काय पोरगी? सांगा, आत्ता दोन लावतो!"

"न्हाई वो, बाई सहज आल्यात," सुवर्णा घाईघाईने म्हणाली. "व्हय की न्हाई बाई? सहजच."

हा तिला बोलू देत नाही, बाईंनी ताडलं. "दुर्वाच्या आई, जरा बाहेर येता? दोन मिनिटं."

"नगं. भाजी टाकलीया." तिने ओढणीला पुन्हा हात पुसले. चुलीवर काहीच नव्हतं.

बाई परतल्या त्या मनाशी पक्कं ठरवूनच. दोन लावतो म्हणाला, तेही माझ्यासमोर. मग माझ्या पाठीमागे काय करत असेल? दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्वा दारातून आली आणि आकडा नऊ पूर्णांक एक. बुधवारी पुन्हा नऊ. अकरा लाल झाले.

मुख्याध्यापक चौगुले सर हे मूळचे विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी आकडा पाहून चष्मा कपाळावर सरकवला.

"नऊ? गेल्या महिन्यात तपासणीचे साहेब आले त्या दिवशी मला सहा आला होता. आणि माझे पाय लटपटत होते हो. ह्या दहा वर्षांच्या पोरीत नऊ?"

"म्हणूनच तर सर. विचार करा, घरात काय होत असेल."

"पण ती लंगडी खेळतेय मैदानात."

"मानसीपण खेळायची."



*

गुरुवारी दिवा हिरवा झाला. एक पूर्णांक दोन.

बाईंनी टॅब दोनदा झटकला. मग दुर्वाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. एक वेणी कानाच्या वर, दुसरी मानेपाशी. भांग नागमोडी. रिबिनीची फुलं व्हायची ती गाठ होऊन बसली होती.

"हे काय गं ध्यान?"

"आज पप्पांनी घातल्यात," दुर्वा ऐटीत म्हणाली. "मम्मी निपाणीला गेलीया. आज्जीच्या डोळ्याचं ऑपरेशन हाय."

बाईंचं हसू थांबलं. म्हणजे घरात वडील एकटे होते, आणि मूल निर्धास्त होतं.

शुक्रवारीही वेण्या वाकड्या, दिवा हिरवा. आता मात्र बाईंनी दारावरच्या कॅमेऱ्याने घेतलेले रोजचे फोटो काढून बसल्या जागी एकेक पाहिला. पंधरवड्यात आणखी एकदा दिवा हिरवा झाला होता, आणि त्या फोटोतही वेण्या अशाच तिरपागड्या होत्या. त्या दिवशी आईला पहाटेची पाळी होती, हे दुर्वाकडून कळलं. ज्या ज्या दिवशी वेण्या सरळ, त्या त्या दिवशी लाल. ज्या दिवशी बापाने घातलेल्या, त्या दिवशी हिरवा. अकरा आणि तीन. एकही अपवाद नाही.

त्याआधीच्या चार महिन्यांत मात्र सरळ वेण्यांखालीही दिवा हिरवाच होता. पहिला लाल आला तो वक्तृत्व स्पर्धेच्या सकाळी. म्हणजे दोन आठवड्यांपूर्वी घरात काहीतरी घडलं असणार, बाईंनी अंदाज बांधला. त्या दिवशी काय घडलं होतं, हे त्यांना शाळेतच सापडलं असतं. पण बोट घराकडे रोखलेलं असलं की नजरही तिकडेच जाते.

"बाप नाही सर, आई," त्या चौगुले सरांना म्हणाल्या. "म्हणूनच ती डोळ्याला डोळा भिडवत नव्हती. म्हणूनच बाहेर यायला तयार नव्हती. मी उगाच त्या बिचाऱ्या माणसावर संशय घेत बसले."

"परवा बाप होता, आज आई," सर म्हणाले. "आज्जीचा नंबर कधी?"

"सर, थट्टेची वेळ आहे का ही?"

"नाही. उद्या लाल आला की बारा होतात. कागद तयार ठेवलाय मी, सही तुमची. एकदा गेलं ना प्रकरण, पोरगी महिनाभर परत येत नाही घरी. नीट बघून करा."

नीट बघायचंच बाईंनी ठरवलं. आई परत आली होती. शनिवारची शाळा सकाळची. वेण्या घालायची वेळ साडेसहाची. न सांगता जायचं आणि रंगेहाथ पकडायचं.

*

डिसेंबरातली थंडी. लायकरांचं दार अर्धं उघडं होतं. बाई बाहेर भिंतीला लागून उभ्या राहिल्या आणि आपण वर्गशिक्षिका आहोत की पोलीस, असा प्रश्न त्यांना चाटून गेला. पण त्या हलल्या नाहीत.

आत दुर्वा फरशीवर बसून पाव चहात बुडवून खात होती. मागे सुवर्णा. तिने वाटीतलं तेल तळहातावर घेतलं, केसांना लावायला गेली आणि थांबली. तळहात घामाने असा डबडबला होता की तेल त्यावरून ओघळलं. तिने हात ओढणीला पुसला, पुन्हा तेल घेतलं, पुन्हा तेच. शेवटी तसेच ओले हात तिने लेकीच्या केसांतून फिरवले. मारणं नाही, ओढणं नाही. उलट ती इतक्या हलक्या हाताने विंचरत होती की केस काचेचे आहेत असं वाटावं. फक्त ती सारखी फडताळावरच्या फोनकडे पाहत होती.

"मम्मी, गाणं म्हण की पहिल्यासारखं."

"गप बस. भांग वाकडा हुईल. वाकडा दिसला की बाई लिवून घेतील."

बाहेर बाईंच्या चपलेखाली खडा करकरला. सुवर्णाने वर पाहिलं. कंगवा तिच्या हातातून गळून पडला आणि तिने दोन्ही हातांनी लेकीला पोटाशी ओढलं.

"न्यायला आलासा?"

"नाही हो, मी..."

"बारावा आजच हुईल म्हणून आदीच आलासा? बाई, पाया पडते तुमच्या. काय चुकलं सांगा तर. मी हात लावत न्हाई तिला. आवाज चढवत न्हाई. ह्यांना तर सांगितलंच न्हाई मी काय. सांगितलं असतं तर शाळंत यून भांडलं असतं, मग तुमी लिवलं असतं बाप भांडखोर हाय म्हणून!"

तिने फोन काढून बाईंच्या हातात कोंबला. एकाखाली एक अकरा संदेश होते, शब्दाशब्दाला सारखे. 'आपल्या पाल्याच्या शरीरात आज भीतीची तीव्र लक्षणे आढळली आहेत. घरातील वातावरणाबाबत शाळा आपल्याशी संपर्क साधेल. आपली काळजी घेणारी शाळा.' पहिल्यावरची तारीख वक्तृत्व स्पर्धेची होती.

"त्या दिवशी तू घाबरली होतीस?" बाईंनी दुर्वाला विचारलं.

"मग? भाषण पाठच झालं नव्हतं. नंतर म्हटलं की, नंबर न्हाई आला तरी."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला घाबरू? भाषण झालं की."

बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. समोर तेलाची वाटी होती आणि सुवर्णाचे तळहात अजून चमकत होते. बाईंच्या लहानपणी शेजारच्या जयसिंगपुरात एक अत्तरवाला राहायचा. तो तिळाच्या थरांत मोगऱ्याची फुलं पुरून ठेवायचा, फुलं बदलत राहायचा, आणि मग ते तीळ घाण्यात घालायचा. फुलं सुकून जायची, वास तेलात राहायचा. वास तेलात मुरतो आणि तासन्तास उडत नाही, हे त्या अत्तरवाल्याला ठाऊक होतं. चौकट बनवणाऱ्यांना नव्हतं. त्यांनी ती ज्या मोठ्या शहरांतल्या शाळांत पारखून घेतली, तिथली मुलं कोरड्या केसांनी यायची. सकाळी आईने तळहातावर तेल घेऊन डोक्यात जिरवायचं आणि मग घट्ट वेण्या घालायच्या, ही रीत त्यांच्या हिशेबात कुठून असणार? वासावर तर नाव लिहिलेलं नसतं. घाम एका बाईचा, डोकं दुसरीचं, आणि ओळखपत्रही डोक्याच्याच मालकिणीचं.

आणि नऊचा आकडा! दहा वर्षांच्या पोरीत एवढी भीती मावेल कशी, हे चौगुले सरांनी सरळ विचारलं होतं. ती मोठ्या माणसाची होती.

पहिला लाल खरा होता, एका भाषणापुरता. तो संदेश आईने वाचला आणि ती घाबरली. तिची भीती दुसऱ्या दिवशी वेणीत गेली. चौकटीने ती हुंगली आणि दुसरा संदेश पाठवला. मग तिसरा. मग बाई स्वतः टॅब घेऊन दारात उभ्या राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी आकडा नऊवर गेला. बाप निर्धास्त होता, कारण त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

हे सगळं बाईंना कळलं तेव्हा त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की सुवर्णाकडे बघवेना. पण नुसतं कळून भागणार नव्हतं. कक्षाला आकडा हवा होता.

"दुर्वाच्या आई," त्या म्हणाल्या, "आज दुर्वाला शाळेत पाठवू नका. आणि माझ्या वेण्या घाला."

"काय?"

"ह्याच तेलाने. तिच्या घालता तशाच दोन."

"कशापायी थट्टा करता गरिबाची?"

"थट्टा नाही हो. घाला तरी."

त्यांनी अंबाडा सोडला आणि पाठ करून बसल्या. मागे तेलाची वाटी सरकल्याचा आवाज आला. मग डोक्यावर दोन हात आले. थंडगार, ओले आणि थरथरणारे. त्या हातांना आपली किती धास्ती आहे हे बाईंना टाळूवर कळत होतं, आकड्यावाचून. शेवटी दुर्वानेच हसत हसत लाल रिबिनी बांधल्या.

*

अडतीस वर्षांच्या मगदूम बाई दोन तेलकट वेण्या आणि लाल रिबिनी मिरवत शाळेत आल्या, तेव्हा पोरांचा जो हशा उसळला तो पार मागच्या मैदानापर्यंत ऐकू गेला. बाई सरळ दारातून आत गेल्या.

दिवा लाल झाला. नऊ पूर्णांक तीन.

पोरं हसायची थांबली. चौगुले सर ऑफिसातून बाहेर आले. त्यांनी टॅब पाहिला, वेण्या पाहिल्या आणि बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "तुमचे मिस्टर, संमेदराव, रागीट वगैरे... म्हणजे मोकळेपणाने सांगा. मी कुणाला बोलणार नाही."

हाच आवाज. कट्ट्यावर दुर्वाशी बोलताना बाईंनी हाच आवाज काढला होता, आणि तो किती प्रेमळ आहे याचं त्यांना तेव्हा कौतुक वाटलं होतं. त्या काही बोलणार तोच फोन वाजला. नवरा होता.

"तेजू, शाळेकडून मला मेसेज आलाय. तुझ्यात भीतीची लक्षणं आहेत म्हणे, घरातल्या वातावरणाबद्दल विचारणार आहेत. मी काय केलं गं? काल भाजीत मीठ जास्त म्हणालो ते का?"

तो हसत नव्हता. त्याचा आवाज कापत होता. एका संदेशात, तेरा वर्षांच्या संसारानंतर.

बाईंनी त्याला शांत केलं आणि सरांना सगळं सांगितलं : तळहात, तेल, अत्तरवाला, अकरा संदेश. सर ऐकत राहिले. मग त्यांच्यातला विज्ञानाचा शिक्षक जागा झाला.

"एका बाजूने नाही चालणार. तेल काढा, पुन्हा या."

डिसेंबरच्या थंडीत बाईंनी हात धुवायच्या साबणाने नळाखाली डोकं धुतलं. चारदा. दातांवर दात आपटत, पाणी निथळत त्या पुन्हा दारातून गेल्या. हिरवा. एक पूर्णांक नऊ.

"बरोबर," सर हळूच म्हणाले. "म्हणजे तो नऊ तुमचा नव्हता, पोरीचाही नव्हता."

"तिच्या आईचा."

"आणि ती बाई एवढी घाबरते कुणाला?"

नळाचं पाणी अजून बाईंच्या मानेवरून ओघळत होतं. सकाळी त्या ही भीती डोक्यावर घेऊनच चालत आल्या होत्या, लाल रिबिनी बांधून, सगळ्या गावातून.

"मला," त्या म्हणाल्या.

सरांनी ऑफिसात जाऊन टेबलावरचा तयार कागद उचलला आणि त्याचे चार तुकडे केले.

*

पुढचं सगळं सरकारी वेगाने झालं. दोन्ही आकडे कक्षाकडे गेले, दुर्वाचं प्रकरण थांबलं. महिन्याभराने परिपत्रक आलं. चौकटीत काही दोष असल्याचा त्यात उल्लेख नव्हता. 'विद्यार्थ्यांनी डोक्यास तेल लावून शाळेत येऊ नये' एवढंच होतं. आयांनी ते वाचून जी तोंडं सोडली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

त्यावर तोड दुर्वानेच काढली. ती सकाळी मोकळ्या, बिनतेलाच्या केसांनी दारातून आत यायची, दिवा हिरवा व्हायचा, आणि मागोमाग तेलाची वाटी घेऊन सुवर्णा आतल्या व्हरांड्यात बसून तिच्या वेण्या घालायची. पालकांच्या गळ्यात ओळखपत्र नसायचं, त्यामुळे चौकटीला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. आठवड्याभरात आणखी तीन आया येऊन बसायला लागल्या, मग सात. दिगंबरही एकदा आला आणि त्याने घातलेल्या वेण्या बघायला सगळा वर्ग जमला.

मगदूम बाई रोज त्या व्हरांड्यात बसायच्या. टॅब ऑफिसात ठेवून. सुरुवातीला त्या आल्या की बोलणं थांबायचं. सुवर्णा तर त्यांच्या हातांकडे बघायची, कुठे काही लिहून घेत नाहीत ना म्हणून. बाई मुद्दाम दोन्ही हातांत रिबिनी धरून बसायच्या.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी सुवर्णा लेकीचे केस विंचरताना काहीतरी गुणगुणत होती. बाईंनी ऐकलं आणि त्या पाठ करून तिच्यापुढे बसल्या.

"माझ्याही घाला."

सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलं. "पुन्ना आकडा बघायचाय?"

बाईंना खोटं बोलवेना. "हो."

"बघा की मग. मला बी बघायचाय."

या वेळी हात कोमट होते. वेण्या झाल्या, रिबिनी बांधून झाल्या. बाई उठून बाहेर गेल्या, वळल्या आणि चौकटीतून आत आल्या. व्हरांड्यातल्या सगळ्या आया माना वर करून बघत होत्या.

दिवा पिवळा झाला. चार पूर्णांक दोन.

बाईंना हिरवा हवा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं असावं. सुवर्णा वाटीला झाकण लावत उठली.

"एवढी ऱ्हातीच वो बाई थोडी," ती म्हणाली. "अकरा मेसेज हुतं."

"मग उद्या पुन्हा घालाल?"

सुवर्णाने बाईंच्या डाव्या वेणीची सैल झालेली रिबीन सोडली आणि घट्ट बांधून दिली.

"या. पर डोकं धुऊन या."